कपाट आणि खिडकीच्या मध्ये

१

सकाळचा चहा झाला की मी आईंना त्यांची खोली वाचून दाखवते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि 'खोली वाचणं' हा शब्दही त्यांचाच. काचबिंदूने त्यांची नजर वर्षानुवर्षं पोखरली आणि मागच्या वर्षी उरलीसुरली तीही गेली. नोकरीभर त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. डॉक्टरांनी हात टेकले त्या दिवशी आम्ही सगळे तोंडं पाडून बसलो होतो, तर ह्या म्हणाल्या, "सुतक असल्यासारखे काय बसलात? माझं भांडवल कानात आहे." मग मला म्हणाल्या, "तू फक्त रोज सांगत जा, कुठे काय आहे ते. स्वतःचं काही घालू नकोस. आहे तेवढं वाचायचं."

तेव्हापासून मी दारात उभी राहते आणि वाचते. दारापासून सुरू करायचं, भिंतीभिंतीने फिरत खिडकीपाशी संपवायचं, हा आमचा क्रम. दार, उघडं. टेबल, त्यावर रेडिओ आणि पाण्याचा जग. खुर्ची, भिंतीला टेकवलेली. पलंग. कपाट, बंद. खिडकी, पडदा बाजूला केलेला. आई पलंगाच्या कडेला बसून ऐकतात, शेवटी "बरं" म्हणतात आणि उठतात. कपाटाला हात लावून त्याच्या कडेकडेने पुढे, मग दोन पावलं हात मोकळा, की खिडकीची चौकट लागते. तिथे उभं राहून त्या रस्ता ऐकतात. कोणाची गाडी उशिरा निघाली, कोणाचं मूल शाळेत जायला रडतंय, सगळ्या गल्लीच्या बातम्या मला त्यांच्याकडून कळतात.

एकदाच घोटाळा झाला. नळ दुरुस्त करायला आलेल्याने आपली अवजारांची पिशवी पॅसेजमध्ये टेकवली. त्या बिचाऱ्याला काय माहीत, आणि मला पत्ताच नाही. आई तिच्यावर अडखळून पडल्या, मनगट मोडलं. माझी थोरली नणंद धावत आली आणि प्लास्टर वाळायच्या आत म्हणाली, "पुन्हा पडली, तर मी कोणाचं ऐकणार नाही. माझ्या घराजवळ चांगला वृद्धाश्रम आहे. चोवीस तास माणसं असतात." तिचं काही चुकत नव्हतं. माझा नवरा बोटीवर, वर्षातले कितीतरी महिने समुद्रात. घरात आईंबरोबर मी एकटी. पण ती गेल्यावर आईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तिथे माझी खोली कोण वाचणार गं?"

सासू-सुनांच्या गोष्टी लोक चवीने सांगतात. मला ही बाई मनापासून आवडते. त्यांना कुठेही जाऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

२

मी सूचना लिहिते. कुठल्याही यंत्राबरोबर एक पुस्तिका येते आणि ती कोणी उघडत नाही, पण ती लिहिणारं कोणीतरी असतंच. अलीकडे माझे वाचक बदलले. आता मी एजंटांसाठी लिहिते. एजंट म्हणजे कामाला लावलेला एआय. त्याला सांगायचं, या कॉम्प्युटरवरची जुनी बिलं शोधून एका जागी ठेव, की तो निघाला. माणसं सूचना वाचत नाहीत आणि एजंट त्या अक्षरन् अक्षर वाचून तसंच वागतात. ताप दोन्हीकडे सारखाच.

एजंटाला डोळे नसतात. कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे हे बघायला आमच्या कंपनीने एक छोटं साधन केलं होतं. एजंटाने फोल्डरचं नाव द्यायचं, साधनाने आतल्या वस्तूंची यादी द्यायची. हे साधन कधी वापरावं, यादी कशी वाचावी, तिच्यावरून काय समजावं, एवढं लिहायचं काम माझ्याकडे आलं. ऐकल्याबरोबर मला हसू आलं. हेच तर मी रोज सकाळी फुकटात करते.

एजंटांची एक खोड असते. फोल्डर रिकामा निघाला तरी त्यांना वाटतं, इथे बिल असणारच, आणि ते नसलेलं बिल उघडायला जातात. त्यावर मी बरीच वाक्यं लिहून खोडली आणि शेवटी एकच ठेवलं: "यादीत जे नाही, ते तिथे नाही." आमच्या साहेबांना ते फार आवडलं. त्यांना ऑफिसात सगळे 'स्वल्पविराम' म्हणतात, कारण ते दुसऱ्याच्या लिखाणात स्वल्पविराम घातल्याशिवाय राहत नाहीत. या वाक्यात तो आधीच होता.

मग उदाहरण हवं होतं. माझा एक नियम आहे, जे मी स्वतः चालवून पाहिलं नाही ते उदाहरण मी लिहीत नाही. म्हणून मी माझ्या कॉम्प्युटरवर खरोखरच एक फोल्डर केला. त्याला नाव दिलं 'घर'. त्यात आमच्या खोल्या, एकेक फोल्डर. आणि खोल्यांत वस्तू, म्हणजे फाईली, नुसत्या नावाच्या, आतून रिकाम्या. आईंच्या खोलीपाशी आले तेव्हा बोटं आपोआप चालत होती. दार, टेबल, खुर्ची, पलंग, कपाट, खिडकी. रोजच्या क्रमाने एकेक वस्तू करत गेले. पलीकडच्या खोलीत आई रेडिओ ऐकत होत्या. छान दुपार होती, कामही छान झालं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी खोली वाचली. खिडकी, पडदा बाजूला केलेला. आणि थांबले.

आई 'बरं' म्हणाल्या नाहीत. मान किंचित तिरकी करून म्हणाल्या, "आणि?"

"आणि काय? झालं की."

"झालं?" त्यांनी मान पुन्हा सरळ केली. "बरं."

त्या उठल्या, कपाटाला हात लावून पुढे गेल्या, आणि कपाट संपल्यावर सरळ जाण्याऐवजी खोलीच्या मध्यावर आल्या, वळसा घेतला आणि पलीकडून खिडकीशी गेल्या. कोणाच्या पायांवर पाय पडू नये म्हणून आपण कडेने जातो, तसं. माझा जीव टांगणीला लागला, कारण त्या वळशात त्यांच्या हाताला काहीच आधार नव्हता.

"आई, असं कुठून गेलात?"

"तू वाचतेस ना, तेव्हा तुझा आवाज सगळ्या खोलीत फिरून परत येतो," त्या म्हणाल्या. "आज तिथे अडला. कपाट आणि खिडकीच्या मध्ये. एक्स्चेंजमध्ये असं व्हायचं. कोणीतरी फोन उचललेला असायचा, पण बोलायचं नाही. लाइन रिकामी आहे की पलीकडे कोणी आहे, ते ऐकू येतं."

दारातून ती जागा दिसत नाही. कपाट जुनं आहे, चांगलं खोल आहे, आणि त्याच्या आड भिंतीला माणूस उभा राहील एवढी बोळकांडी उरते. तिथे ठेवण्यासारखं काही नाही म्हणून मी ती कधी वाचत नव्हते. मी आत जाऊन बघितलं. भिंत होती, फरशी होती, कोपऱ्यात थोडी धूळ होती.

"काही नाही हो आई."

"तू म्हणतेस तर नाही," त्या म्हणाल्या. माझ्याशी त्या खोटं बोलत नाहीत, त्यामुळे मला वाटलं विषय मिटला.

रोज सकाळी मात्र त्या "आणि?" म्हणू लागल्या. मी "आणि काही नाही" म्हणायचे. त्या "बरं" म्हणायच्या, आणि वळसा घेऊन जायच्या.

४

साधनाची तपासणी करणारी आमची मैत्रीण बारीकसारीक चुका अशी वेचून काढते की तिचं नाव 'कीटकनाशक' पडलंय. तिचा फोन आला.

"तुझ्या त्या घरात एक गंमत आहे," ती म्हणाली. "आईंच्या खोलीची यादी मागितली की सहा वस्तू दिसतात. खाली बेरीज येते सात."

"तुझं साधन गणितात कच्चं दिसतंय."

"तेच बघतेय. लपलेल्या वस्तू ते मोजताना धरतं आणि दाखवताना वगळतं. म्हणजे चूक आमची. पण मग तुझं ते गाजलेलं वाक्य खोटं पडतं ना? यादीत नाही, तरी तिथे आहे."

मी हसले. प्रत्येक कॉम्प्युटरवर अशा लपलेल्या वस्तू असतातच. यंत्रणा आपल्या सोयीसाठी त्या फोल्डरमध्ये टाकून ठेवते आणि आपल्याला त्यांचा पत्ता नसतो. मी तिला तसं सांगितलं.

"ते माहितेय गं. पण बाकी खोल्यांत नाहीये. तुझ्या स्वयंपाकघरात नाही, पॅसेजमध्ये नाही. या एकाच खोलीत."

शंकेची पाल चुकचुकते म्हणतात ती तेव्हा चुकचुकली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्यांचा मला लहानपणापासून राग आहे. दुवा काही दिसत नव्हता. आईंच्या कानाला काही वाटलं आणि एका यंत्राची बेरीज चुकली, या दोन गोष्टींना एकत्र बांधणारं फक्त माझं डोकं होतं. आणि माझं डोकं त्या आठवड्यात दमलेलं होतं.

५

नणंद रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. त्या दिवशी मी फोन टेबलावर उभा करून पाणी आणायला गेले, आणि तिने आईंना खिडकीकडे जाताना बघितलं.

"अगं, ती अशी मधूनच का वळली?" तिने मला हळू आवाजात विचारलं. "वाटेत तर काही नाहीये."

"सवय लागलीय, ताई."

"कसली सवय? रिकाम्या जागेला वळसा घालायची?" ती रडतेय हे मला कळलं, आणि तिचाही रागराग करता येईना. "डोळे गेले ते समजू शकते मी. पण आता हेही सुरू झालं असेल तर तुझ्याने एकटीने होणार नाही. मी शनिवारी येते. तिला चालताना बघते. वृद्धाश्रमवाल्यांनी तिच्यासाठी खोली धरून ठेवलीय."

फोन ठेवल्यावर मी आईंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हळू बोलून त्यांच्यापासून काही लपत नाही.

"आई, शनिवारी सरळ चालायचं."

"तिथून?"

"तिथे काही नाही. मी रोज बघते. माझ्यावर विश्वास आहे ना?"

"तुझ्यावरच तर चालतेय," त्या म्हणाल्या. "पण कान आहेत ना मला. दोघांतलं एक कोणीतरी चुकतंय."

मग मी ते वाक्य बोलले. कामातलं वाक्य, घरात. "आई, आपण एक नियम करू. मी जे वाचत नाही, ते तिथे नाही. कानाला काहीही वाटू दे. यादीत नाही म्हणजे नाही."

त्या बराच वेळ माझा हात थोपटत राहिल्या. खरं म्हणजे मी त्यांचा हात थोपटायला हवा होता.

"मग यादी खरी पाहिजे हं," त्या म्हणाल्या.

६

स्वल्पविराम साहेबांनी तोडगा काढला. लपलेल्या वस्तू दाखवण्याची सोय साधनात आधीच होती, फक्त सूचनांत तिचा उल्लेख नव्हता. तो मी करावा आणि एक उदाहरण द्यावं, म्हणजे वाक्याला बाध येणार नाही. उदाहरण द्यायचं म्हणजे चालवून बघणं आलं.

आई जेवून आडव्या झाल्या होत्या. मी 'घर' उघडलं आणि लपलेल्यासकट यादी मागितली. स्वयंपाकघर, होतं तेवढंच. पॅसेज, तेवढंच. आईंची खोली.

हे साधन वस्तू ज्या क्रमाने तयार झाल्या त्या क्रमाने दाखवतं. दार, टेबल, खुर्ची, पलंग, कपाट. मग एक ओळ आली, जिला नाव नव्हतं. मग खिडकी.

मी खुर्चीत मागे टेकले. यंत्रणेने टाकलेली वस्तू शेवटी यायला हवी होती. ही मधे होती. म्हणजे त्या दुपारी मी कपाट केलं, मग हे केलं, आणि मग खिडकी केली. ओळीच्या शेवटी शेवटच्या बदलाची वेळ होती आणि ती आत्ताची होती. मी पुन्हा यादी मागितली. वेळ तेवढी पुढे सरकली होती. मी ती ओळ पुसायला सांगितलं. उत्तर आलं: पुसता येत नाही, वापरात आहे.

असं उत्तर रोज कोणाला ना कोणाला येतं. फाईल कुठेतरी उघडी राहिली की येतं. मी स्वतःला हे नीट, शांतपणे समजावलं. मग उठून आईंच्या खोलीत गेले, कारण समजूत पटली होती तरी पाय तिकडेच वळले.

आई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. रेडिओ बंद होता. मी कपाटाला वळसा घालून त्या बोळकांडीत गेले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. काहीच नव्हतं. भिंत उन्हाने थोडी गरम लागत होती. तिथून पलंग दिसत नाही आणि दारही दिसत नाही, कपाट आड येतं, एवढं एक नवीन कळलं. माझं मलाच हसू आलं. सुशिक्षित बाई, भर दुपारी, कपाटाच्या आड.

"कोण?" आई झोपेतल्या आवाजात म्हणाल्या.

"मीच. खिडकीपाशी आहे."

पलंग करकरला. त्या उठून बसल्या असाव्यात.

"तू खिडकीपाशी आहेस," त्या सावकाश म्हणाल्या, "मग दारात कोण उभं आहे?"

मी बाहेर आले तेव्हा दारात कोणी नव्हतं. दार उघडं होतं, तसं ते नेहमीच असतं. मी पॅसेज बघितला, बाहेरच्या दाराची कडी बघितली. ती लावलेली होती. आई म्हणाल्या, "जाऊ दे. झोपेत वाटलं असेल," आणि मला बरं वाटावं म्हणून त्या तसं म्हणाल्या हे मला समजलं.

मी माझ्या टेबलाशी परत आले आणि साहेबांना लिहिलं की लपलेल्या वस्तूंची सोय एजंटांना सांगण्यात अर्थ नाही, त्यांचा गोंधळ उडेल. त्यापेक्षा बेरीज दुरुस्त करावी. झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेबांना पटलं. कीटकनाशकने त्याच संध्याकाळी बेरीज दुरुस्त केली. आईंच्या खोलीत आता सहा वस्तू दिसत होत्या आणि खाली बेरीज सहाच येत होती.

तिचा पुन्हा फोन आला, या वेळी हसत. "तुझ्या वाक्याने कमाल केली. मी मुद्दाम त्या खोलीत एक वस्तू लपवली आणि एजंटाला तोंडाने सांगितलं, बाबा रे, मी स्वतः ठेवलीय तिथे, बघ. तो म्हणतो, नाही, यादीत नाही. चारदा सांगितलं. ऐकायलाच तयार नाही माझं."

"शहाणा आहे," मी म्हणाले.

७

शनिवारी नणंद आली. येताना आईंसाठी मऊ तळव्यांच्या चपला घेऊन आली, आल्या आल्या स्वतःच्या हाताने त्यांच्या पायात घातल्या, आणि मग खुर्ची ओढून बसली. "चल आई, दाखव मला तू कशी चालतेस," असं ती लहान मुलाशी बोलावं तसं बोलली. त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

मी दारात उभी राहून वाचायला लागले. दार, उघडं. टेबल, रेडिओ आणि जग. खुर्ची जागेवरून पुढे घेतलीय, त्यावर ताई बसल्यात. पलंग. कपाट, बंद. खिडकी.

खिडकीतून वारा आला आणि पडदा आत फुगला. कपाटाच्या कडेच्या पुढे त्याची किनार मला दिसली. वारा पडला. पडदा परत गेला नाही. तो तिथेच राहिला, कशावर तरी लपेटल्यासारखा, खांद्याच्या उंचीला गोल होऊन खाली सरळ उतरलेला. ताईचं लक्ष आईंच्या पावलांकडे होतं.

"आणि?" आई म्हणाल्या.

रोजचाच प्रश्न होता, पण त्या दिवशी त्यांनी तो माझ्याकडे तोंड करून विचारला. त्यांच्या न दिसणाऱ्या डोळ्यांत पुरा भरवसा होता. खरं सांगितलं तर त्या वळसा घेतील आणि ताई त्यांना घेऊन जाईल. आणि खरं म्हणून सांगणार तरी काय होते मी?

"आणि काही नाही," मी म्हणाले.

"बरं."

त्या उठल्या. कपाटाला हात लावला, कडेकडेने गेल्या. कपाट संपलं. क्षणभर त्या थांबल्या, आणि मग सरळ पुढे गेल्या. डावा हात थोडा उचलला गेला, कोपरात वाकला, बोटं मिटली. एखाद्याचा दंड धरावा तशी. तशाच त्या खिडकीपर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या, मान ताठ, पावलं एकसारखी. मनगट मोडल्यापासून इतकं चांगलं चाललेलं मी त्यांना बघितलं नव्हतं.

"बघ, किती छान," ताईने डोळे पुसले. "उगीच घाबरले मी. कोणाच्या आधाराशिवाय चालतेय."

जाताना तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, तू आहेस म्हणून मला काळजी नाही. वृद्धाश्रमातली खोली नको म्हणून तिने तिथल्या तिथे फोन करून कळवलं. मी वळून बघितलं तेव्हा पडदा सरळ लटकत होता. मी जिंकले होते, आणि मला भयंकर रडू येत होतं.

आई मात्र त्यानंतर दिवसभर माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. चिडल्या नव्हत्या. मी बोलले की त्या जरा वेळाने उत्तर द्यायच्या, खराब लाइनवर देतात तसं.

८

आज सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा आई आधीच उठून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. पायात त्या नव्या चपला. मान तिरकी करून त्या ऐकत होत्या आणि मधून मधून मान हलवत होत्या. मी काही बोलत नव्हते.

"आई, चहा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, पण ती मला नव्हती.

मी कप टेबलावर ठेवला. "आई, टेबलावर ठेवलाय हं, जगाच्या शेजारी." त्यांचा हात टेबलाकडे आला, जग सापडला, रेडिओ सापडला. कपाला बोटं लागली तशी ती त्याच्या बाजूने निघून गेली. मी जवळ जाऊन आणखी मोठ्याने हाक मारली. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. कसलं तरी ऐकून मात्र त्या हसल्या, माझ्या विनोदांना हसतात तसं गालातल्या गालात.

मग त्या उठल्या. मी त्यांच्या समोर, कपाटाच्या पुढ्यात उभी होते आणि त्या सरळ माझ्या अंगावर चालत आल्या. पावलं हळू झाली नाहीत. "आई, मी आहे," मी म्हणाले, मग पुन्हा म्हणाले. धडक बसली तर त्या पडल्या असत्या, आणि त्यांना पडू द्यायचं नाही एवढं एकच मला या सगळ्यात पक्कं माहीत होतं. मी मागे मागे सरकत गेले आणि बाजूला झाले. बाजूला व्हायला एकच जागा होती.

भिंत अजून गार होती. इथून दार दिसत नाही.

आईंचा हात कपाटाच्या कडेवरून सरकत आला आणि कपाट संपलं तिथे थांबला. त्या माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे त्यांना माझा ऐकू येत असणारच. त्यांनी मान तिरकी केली आणि बराच वेळ ऐकलं.

"आणि?" त्यांनी दाराकडे तोंड करून विचारलं.

"आणि काही नाही," दारातून कोणीतरी म्हणालं. आवाज माझा होता.

"बरं," आई म्हणाल्या आणि पुढे आल्या.